भाकर म्हटलं तर भाकरच दाखवा: उपासनेत चित्रं वापरायला शिकणाऱ्यांसाठी

तुमच्या मंडळीने प्रोजेक्टर घेतला आणि पाळकसाहेबांनी तो तुमच्या हाती सोपवला, किंवा नाताळला वेदीमागची भिंत सजवायचं काम तुमच्याकडे आलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी पुण्याजवळच्या एका मराठी मंडळीत बरीच वर्षं हे काम करते. सुरुवातीला शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी चुकतच शिकले.

पहिली मोठी चूक मला अजून लख्ख आठवते. त्या रविवारचं वचन होतं योहान 6:35, "मीच जीवनाची भाकर आहे." मी इंटरनेटवरून एक देखणा फोटो घेतला: लाकडी फळीवर जाड कवचाचा लांबट पाव आणि शेजारी गव्हाच्या ओंब्या. भक्ती संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मला थांबवलं. "बाई, भाकर म्हणाले आणि पाव का दाखवला?" त्यांच्या घरी पाव यायचा तो कुणी आजारी पडलं की, चहात बुडवून खायला. भाकर मात्र अशी गोष्ट, जिच्याविना दिवस जात नाही. मराठी शास्त्रात तो शब्द फार नेमका आला आहे आणि माझ्या चित्राने तो पुसून टाकला होता. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. चित्र निवडायच्या आधी ते कोण बघणार आहे, हे पाहायचं.

आधी एक-दोन रविवार नुसतं बसा

हातात लॅपटॉप न घेता शेवटच्या रांगेत बसा. एकदा खाली सतरंजीवर बसणाऱ्या बायकांमध्ये बसा, एकदा खांबामागच्या खुर्चीवर. गाण्याच्या वेळी सगळे उभे राहिले की पडद्याचा खालचा भाग दिसतो का? ऊन कुठल्या खिडकीतून येतं? चष्मा चाचपणारे किती, पुस्तकातून गाणारे किती, सगळं तोंडपाठ गाणारे किती? कुणाला वाचता येत नाही, हेही हळूच लक्षात ठेवा. मोठ्या शहरातल्या मराठी मंडळीत आज तेलुगू, तामिळ, ईशान्येकडची आणि आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलंही असतात. एकच चित्र या सगळ्यांना सारखं दिसत नाही.

आपल्या परंपरेची रेघ कुठे आहे ते विचारून घ्या

हे टाळू नका. पाळकांशी किंवा फादरांशी बसून बोला. कॅथलिक मंदिरात पवित्र मरियेची मूर्ती आणि क्रूसमार्गाची चौदा चित्रं असतातच. कित्येक प्रोटेस्टंट मंडळ्यांत रिकाम्या क्रूसाखेरीज काही चालत नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत प्रतिमेचं चुंबन घेतात. यातलं कुणीही अडाणीपणाने वागत नाही, प्रत्येकामागे शतकांचा विचार आहे.

निर्गम 20:4 मध्ये कोरीव मूर्तीची मनाई आहे. तरीही सिरियात युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपस इथे घरात भरणाऱ्या एका मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या खोलीत उत्तम मेंढपाळाचं भिंतीवरचं चित्र सापडलं आहे, आणि ते शहर इसवी सन 256 च्या सुमारास पडलं. म्हणजे चित्र त्याआधीचं. सुमारे 600 साली मार्सेयच्या बिशपने चर्चमधली चित्रं फोडली, तेव्हा रोमच्या पोप ग्रेगरीने त्याला लिहिलं की चित्रांची उपासना होऊ नये हे बरोबर, पण ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात. पुढे 787 च्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना मान द्यायला मोकळीक दिली, आणि 1524 मध्ये झुरिकच्या सुधारकांनी चर्चमधून त्या बाहेर काढल्या. हा वाद तुम्हाला सोडवायचा नाही. आपली मंडळी त्यात कुठे उभी आहे, तेवढं कळलं पाहिजे. आणि ज्या घरातून नुकतंच कुणी मूर्ती सोडून आलं आहे, त्या माणसाच्या डोळ्यांचाही विचार हवा. त्याला पडद्यावरच्या येशूसमोर हात जोडावेसे वाटले तर कदाचित त्याचं चित्त वचनापासून सरकेल. ते पाळकांना आधी सांगून ठेवावं.

चेहरा कुणाचा?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा.

आपल्या घरांत टांगलेला सोनेरी छटांचा, मऊ केसांचा, निळसर डोळ्यांचा येशू बहुतेकदा विसाव्या शतकातल्या अमेरिकन आणि युरोपीय छापील चित्रांतून आलेला आहे. वॉर्नर सॉलमन यांनी 1940 मध्ये रंगवलेल्या ख्रिस्तमुखाच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. त्या चित्रापुढे कुणाच्या आईने रात्र-रात्र प्रार्थना केलेली असते, म्हणून ते कधीही हिणवू नका. पण तोच एक चेहरा दर रविवारी दिसत राहिला, तर मुलांच्या मनात देव परदेशी होऊन बसतो.

आपल्याकडे याला फार सुंदर उत्तर तयार झालेलं आहे आणि तेही पुण्यात. आंजेलो द फोन्सेका हे 1902 साली गोव्यात जन्मलेले चित्रकार. वैद्यकीय शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनच्या परंपरेत, अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली शिकले. त्यांनी साडी नेसलेली, सावळी मरिया रंगवली. गोव्यात त्यावरून रोष ओढवला. मग पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना जागा मिळाली आणि 1967 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पुण्यातच काम करत राहिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. गोव्याला गेलात तर किनाऱ्यावरचा एक दिवस कमी करून तिथे जा.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. "भारतीय" चित्र म्हणजे पद्मासनातला, भगव्या वस्त्रातला, कमळावरचा येशू, असं समीकरण करू नका. 1969 साली रोमने भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी बारा बदलांना मान्यता दिली. जमिनीवर बसणं, पंचांग प्रणाम, तेलाचे दिवे, आरती असं बरंच त्यात होतं. पुढे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारलं की यात भारत कुणाचा आहे? नगर आणि जालना भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज महार आणि मांग समाजातून आले. ज्या देवळाच्या पायरीवर त्यांना उभं राहू दिलं नाही, त्याच देवळाची कमान पडद्यावर येशूभोवती दिसली तर त्यांना आपलेपण कसं वाटेल? कुणी बोलणार नाही कदाचित, पण दुखेल. पुण्यातच 1944 साली जन्मलेल्या ज्योती साही यांनी एका चित्रात दलित मरिया रंगवली आहे, ती घरातल्या वाटणाच्या दगडावरून: खालचा दगड आई, त्यात बसलेला लहान दगड मूल. ते पाहिलं तेव्हा मला कळलं की आपली प्रतिमा शोधायला देवळाकडे जायची गरज नाही, स्वयंपाकघर पुरतं.

दुसऱ्या देशांची चित्रंही आणा, पण ओळख करून देऊन आणा. जपानचे सादाओ वातानाबे (1913–1996) स्टेन्सिलने कापड छापायच्या जुन्या पद्धतीने बायबलचे प्रसंग छापत. त्यांच्या शेवटच्या भोजनात शिष्य किमोनोत आहेत आणि ताटात मासा आहे. कोकणातल्या माणसाला ते लगेच आपलं वाटतं. इथिओपियाच्या जुन्या चित्रांत संत आपल्याकडे मोठ्या डोळ्यांनी सरळ पाहतात आणि दुष्ट माणसं बाजूने, एकाच डोळ्याची दाखवतात. हे ठाऊक नसलं तर डोळ्यांकडे बघून मुलं हसतील. दोन वाक्यांत सांगितलं की तीच मुलं चित्रात यहूदा कुठे आहे ते शोधू लागतात.

खुणांचे अर्थ तपासा

रंगांपासून सुरुवात करा. चर्चच्या पंचांगात पांढरा रंग नाताळचा आणि पुनरुत्थानाचा, जांभळा उपवासकाळाचा, तांबडा पेंटेकॉस्टचा. आपल्याकडे ख्रिस्ती नवरी पांढरी साडी नेसते, पण नात्यातल्या हिंदू पाहुण्यांना पांढऱ्यातून शोक दिसू शकतो. चिनी परंपरेतही पांढरा शोकाचा आणि तांबडा आनंदाचा आहे. रंग बदलायला नको, सूत्रसंचालकाने एक वाक्य बोललं की पुरे.

कमळावर उभा असलेला क्रूस केरळातल्या जुन्या दगडी क्रूसांवर शतकानुशतकं आहे. तरी निवडणुकीच्या दिवसांत कमळ किंवा उघडा पंजा पडद्यावर आणू नका, लोकांना त्यात पक्षच दिसेल.

क्रूसाची रांगोळी दाराच्या मधोमध काढू नका. माणसं तुडवून जातात किंवा न तुडवता जाण्यासाठी अडखळतात. जपानमध्ये सतराव्या शतकात ख्रिस्ती कोण हे ओळखायला अधिकारी लोकांना येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत; ज्यांनी दिला नाही त्यांचे हाल झाले. पायाखालचं पवित्र चिन्ह ही साधी गोष्ट नाही. रांगोळी बाजूला, भिंतीलगत काढा, हौसही भागते.

झावळ्यांच्या रविवारी आपण खरोखरच झावळ्या घेतो, कारण त्या आपल्या दारात आहेत. रशियात त्या मिळत नाहीत म्हणून तिथली माणसं वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या घेऊन जातात, आणि कुणाला त्यात कमी वाटत नाही. मग मेंढपाळासाठी आपण हिरव्या कुरणातल्या गुबगुबीत पांढऱ्या मेंढ्यांचा फोटो का शोधतो? पावसाळा सरला की खांद्यावर घोंगडी टाकलेले धनगर कळप घेऊन रस्त्याने निघतात, घाट उतरून कोकणात जातात. तो माणूस रात्री कळपाजवळ झोपतो, लांडग्याची काळजी करतो. उत्तम मेंढपाळ समजावून सांगायला त्याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

एक दाखला स्वतः उभा करा

उत्तर कॅमेरूनच्या माफा लोकांनी 1970 च्या दशकात असं काम केलं. गावकऱ्यांनी शुभवर्तमानातले प्रसंग स्वतः करून दाखवले, त्यांचे फोटो घेतले आणि त्यांवरून चित्रं रंगवली गेली. त्यात येशू माफा आहे, घरं माफांची आहेत. ती चित्रं आज जगभरच्या उपासनांत दिसतात.

हे तुम्हीही करू शकता. लूक 15:8 मधल्या हरवलेल्या नाण्याचा दाखला घ्या. लागतं काय? एक अंधारी खोली, एक दिवा, केरसुणी आणि मंडळीतली एखादी मावशी. खरी मावशी घ्या, महाविद्यालयातली मुलगी नऊवारी नेसवून उभी करू नका. ती केरसुणी कशी धरते, वाकते कशी, कमरेवर हात कधी ठेवते, ते तुम्हाला सुचणार नाही, तिला येतं. सात-आठ फोटो पुरतात: नाणी मोजणारे हात, एक कमी आहे हे कळलेला चेहरा, लावलेला दिवा, कोपरा, खाटेखालची धूळ, नाणं, आणि शेवटी शेजारणींना हाक मारणारी बाई. शेजारणींच्या फोटोसाठी खऱ्या शेजारणी बोलवा, ख्रिस्ती नसल्या तरी आनंदाने येतात. फोनचा कॅमेरा पुरेसा आहे, फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. आमच्याकडे ही चित्रं दाखवली, तेव्हा वाचन संपेपर्यंत एकही मूल हललं नाही. पडद्यावरची मावशी त्यांच्या शेजारीच बसली होती.

फोटोतल्या प्रत्येकाला आधी विचारा आणि कुठे दाखवणार ते सांगा.

पडद्यावरची गाणी

हा भाग रोजच्या उपयोगाचा आहे.

गाणी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची माती होते आणि युनिकोडमध्येही कधी जोडाक्षर तुटून "ख्रिस्त" चा पाय निराळा पडतो. म्हणून शनिवारी सगळ्या स्लाइड पीडीएफ किंवा चित्र करून ठेवा. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, तेव्हा दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. एका पडद्यावर चार ओळी पुरेत, सहा म्हणजे गर्दी. ओळ श्वासाच्या जागी तोडा, रुंदी संपली म्हणून नको. अभंगाचं ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा टाका, स्लाइड मागे नेताना गडबड होते.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तिथे नुसता उजेड नसतो. त्यामुळे उन्हाच्या हॉलमध्ये काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं फिकट पडतात. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरं ठेवा, मागे ढग, समुद्र, सूर्यास्त काही नको. खिडक्या जास्त असतील तर साडेतीन-चार हजार ल्युमेनपेक्षा कमी क्षमतेचा प्रोजेक्टर घेऊ नका. शेवटच्या रांगेतल्या साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय निदान ध्रुवपद वाचता आलं पाहिजे, ही आमची कसोटी.

स्लाइड बदलणारा माणूस गाणारा हवा. पुढची ओळ शेवटचा शब्द संपायच्या आत यायला लागते आणि गाणं येत नसलेल्याला ते जमत नाही. वीज जाते, म्हणून 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या प्रती बाकांवरून हलवू नका.

पडदा कधी बंद ठेवायचा

मराठी ख्रिस्ती भक्तीत चित्र आधी कानातून आलं. 1616 साली गोव्यात राशोलला छापलेल्या, फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाच्या जवळपास अकरा हजार ओव्यांत डोळ्यांसमोर सगळं उभं राहतं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं-कीर्तनं ऐकणाऱ्यांना पडद्याची गरज नव्हती. म्हणून माझं मत ठाम आहे: वचन वाचलं जात असताना पडद्यावर फार तर एक स्थिर चित्र असावं आणि पापकबुली, प्रार्थना, प्रभुभोजन यांच्या वेळी काहीही नसावं. सादरीकरणाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी 'बी' ची कळ दाबली की पडदा काळा होतो, ती पाठ करा. भाकर मोडली जाते तेव्हा डोळे त्या हातांवर असावेत.

व्हिडिओ तीन मिनिटांवर नेऊ नका आणि आवाज शनिवारीच तपासा. उत्तम शुक्रवारी रक्तबंबाळ दृश्यं दाखवायचा मोह होतो. समोर पाच वर्षांची मुलं बसलेली असतात, हे आठवा.

हक्क आणि सुरक्षितता

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. फोन्सेकांचं निधन 1967 चं, म्हणजे त्यांची चित्रं 2027 संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येत नाहीत. पत्र लिहून विचारा. रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले, त्यांची पदं मोकळी आहेत. पण त्यांचं कुणी केलेलं नवं ध्वनिमुद्रण मोकळं नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट माणसांची आहे. भक्ती थेट प्रक्षेपित करत असाल तर कॅमेरा मंडळीकडे वळवू नका. नव्याने येणाऱ्या कुणी घरी सांगितलेलं नसतं. बाप्तिस्म्याचा फोटो समूहावर टाकण्याआधी त्या व्यक्तीला एकांतात विचारा, चारचौघांत विचारलं तर ती नाही म्हणू शकत नाही. मदतीच्या आवाहनात फाटक्या कपड्यांतलं मूल दाखवू नका. त्या मुलाचा मामा तुमच्याच रांगेत बसलेला असू शकतो.

चित्र बोलून दाखवा

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वाचकाने एक वाक्य म्हणावं: "पडद्यावर एक बाई दिवा हातात धरून खाटेखाली बघते आहे." दिसणाऱ्यांनाही त्याचा फायदा होतो, नजर जिथे जायला हवी तिथे जाते.

आणि एक वही ठेवा. तारीख, वचन, कुठलं चित्र, कुठून घेतलं, परवानगी कुणाची, नंतर कोण काय म्हणालं. तुमच्यानंतर हे काम दुसरं कुणीतरी करेल, त्याला ती वही लागेल. माझ्या वहीत त्या रविवारखाली लिहिलं आहे: "योहान 6. पावाचा फोटो. आजींनी विचारलं. पुढच्या वेळी त्यांच्या चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा काढायचा, त्यांचे हात दिसले पाहिजेत." त्याखाली पुढच्या वर्षीची तारीख आहे आणि "काढला" एवढंच.